माझा जांभळा मका

९ ऑक्टोबर १९७७. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. सतरा वर्षं मिलिट्रीत स्टोअरकीपर होतो. सहीशिवाय टाचणीसुद्धा बाहेर सोडली नाही. आता पेन्शनीत आलोय तर शेतीला शिस्त लावणार. इतकी वर्षं साडेतीन एकर अंजनानं, म्हणजे आमच्या हिनं, कसंबसं सांभाळलं. तिला म्हटलं, तू विश्रांती घे, कारभार मी बघतो. तर म्हणते, आवं, कुळव कुठल्या बाजूनं धरत्यात त्ये तरी ठावं हाय का? शेजारच्या केरबासमोर! लय लागलं.
शेवटी ठरलं. विहिरीजवळचे दहा गुंठे माझे, बांधापलीकडचे दहा तिचे. दोघांनी मका लावायचा. ज्याचा मका सरस, त्याचा कारभार. हरणाऱ्यानं दुसरा सांगेल ते काम करायचं. केरबा साक्षीदार. गालात हसत होता. हसू दे.

१२ ऑक्टोबर.
इस्लामपूरहून एसटीनं सांगली. विश्रामबागेत शेतकीच्या साहेबांचं लेक्चर. विषय स्फुरद. सुपर फॉस्फेटच्या पोत्यात असतं ते. आपल्या काळ्या रानात चुनखडी फार, ती स्फुरद धरून बसते, मुळाला देत नाही. मातीतले जिवाणू आंबट रस सोडून ते मोकळं करतात. मूळ ते पितं, पीक वाढतं, पाला आणि शेण परत मातीत, की जिवाणूंची ड्यूटी पुन्हा चालू. एकदम पटलं. माल गोडाऊनमध्ये पडलाय, स्टोअरकीपरची पोस्ट रिकामी. हे तर आमचंच खातं!
जिवाणूंना खायला काय लागतं ते साहेब सांगत होते, तेवढ्यात चहा आला. तो भाग राहिला. महत्त्वाचा नसावा. जिवाणूंचं एक पाकीट मिळालं.

१५ ऑक्टोबर. दुपारी.
फील्ड हायजीन. माझ्या प्लॉटच्या कडेला उकिरडा! शेण, राख, कोंबड्यांची घाण, वर माश्या. कॅम्पात हे दिसलं असतं तर आख्खी तुकडी दंड बैठका काढत बसली असती. चार गाड्या भरून सगळा बांधापलीकडे, हिच्या रानात नेऊन ओतला. वाटलं, आता तोंड सुटणार. पण नाही. उलट दोनदा चहा दिला. जरब बसली.

२० ऑक्टोबर.
पेरणी. पाकिटावर लिहिलंय, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा. आपण एक पाऊल पुढे. गूळ खळाखळा उकळत असतानाच पाकीट ओतलं, म्हणजे जंतू राहायला नकोत. वर दोन चिमटी ब्लिचिंग पावडर. निवल्यावर बियाण्याला चोळलं आणि कडक उन्हात वाळवलं. ही म्हणाली, आवं, जित्या जिवाला उकळतंय व्हय कुणी? रिक्रूटला सुरुवातीला त्रास होतोच, असं समजावलं. सुपर फॉस्फेट डबल टाकलं.

२ नोव्हेंबर.
दोघांचाही मका उगवला. माझा दोरीत, एका रेषेत. हिचा इकडेतिकडे. निकाल लागल्यातच जमा.

१८ नोव्हेंबर.
माझ्या मक्याला रंग आला! पानांच्या कडा चक्क जांभळ्या. हिचा नुसता हिरवा, सगळ्या गावाचा असतो तसा. केरबा बांधावर उकिडवा बसून म्हणाला, नाथाजी, आजारी हाय रं गड्या ह्यो. जळतो माणूस, दुसरं काय.
उंची: हिचा गुडघ्यापर्यंत, माझा वीतभर. माझा मका उंचीत ताकद वाया घालवत नाही.

४ डिसेंबर.
मक्याचं एक ताट उपटून मुळांचं इन्स्पेक्शन. मुळं थोडी, पण नीटनेटकी. हिनं तिच्या रानातली ओंजळभर माती आणून दाखवली. गांडुळं वळवळत होती. माझ्या प्लॉटात एक किडा सापडेल तर शपथ. हायजीन म्हणतात ते हे.

१९ डिसेंबर.
हिचा मका कमरेच्या वर गेला. माझा गुडघ्याशी. इथं खरं लिहायला हरकत नाही, आज तीनदा जाऊन मोजून आलो. सतरा वर्षं सरकारचे कंबल आणि डबे मोजले. आपल्या हातानं एक काडी वाढवली नाही. हे दहा गुंठे तरी वाढावेत असं फार वाटतं.
पण घाबरायचं कारण नाही. मुळं आतल्या आत तयारी करत असणार. साहेबांना पत्र टाकलं, प्रत्यक्ष येऊन निकाल द्या. सोबत माझ्या प्लॉटातली मातीची पुडी.

२२ जानेवारी १९७८. संध्याकाळी ५.
साहेब येऊन गेले. माझी माती सांगलीच्या लॅबात तपासून आणली होती. म्हणाले, नाथाजीराव, तुमच्या रानात स्फुरद हवं तेवढं आहे. (मी हिच्याकडे पाहिलं.) पण सगळं चुनखडीत अडकलंय, सोडवायला एक जिवाणू शिल्लक नाही. पानं जांभळी होतात ती उपासानं. पाकिटाचं काय केलंत? मी सांगितलं. साहेब खाली बघून रुमालानं तोंड पुसत बसले. जिवाणूंना शेणखत लागतं, तो उकिरडा म्हणजे त्यांचा मेस होता, म्हणाले. तो बाईंच्या रानात टाकला कुणी? मी, असं ताठ मानेनं सांगितलं. केरबा बांधावरून खाली पडला.
कारभार हिचा. उद्यापासून शेणाची पाटी मी वाहायची. ही एवढंच म्हणाली, दुखंल तवा सांगा, मी हात लावीन. त्यानं जास्त लागलं.
हिच्या मक्याची उंची साहेबांना तालुक्याच्या वहीत घ्यायची होती. टेप विसरले होते. म्हणून मला मक्यात उभं केलं. डोक्याच्या वर अडीच हात भरला. मग विचारलं, तुमची उंची किती? पाच फूट सहा इंच, असं मी खणखणीत सांगितलं. साहेबांनी बेरीज केली, नऊ फूट तीन इंच. एकदम ओरडले, बाई, तालुक्यात पहिला नंबर! दुसरा तात्याबाचा, दोनच इंच कमी. हिनं पदर तोंडाला लावला. लग्नात दिसली नव्हती एवढी खूश दिसली.
माझी खरी उंची पाच फूट तीन आहे.