नर्सचा भाग एकट्याने बघू नका

आई,

मी कामावर निघालो. तुमची लेक आधीच गेली आहे. चहा थर्मासमध्ये आहे. गोळी घेतल्याशिवाय टीव्ही लावू नका.

तुमच्या हृदयाला धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून नेहमीप्रमाणे तुमच्या दोन्ही मालिकांचे कालचे भाग मी सकाळी आधी बघून घेतले. वकीलबाईंचा भाग निर्धास्त बघा. त्यात सगळे जिन्यात उभे राहून एकमेकांकडे रोखून बघतात, बाकी काही घडत नाही. नर्सचा भाग मात्र एकट्याने बघू नका. तिचा बाप शेवटी दारात येऊन उभा राहतो. पुढचं सांगत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून मी रडलो. हे तुमच्या लेकीला कळता कामा नये, लग्न झाल्यापासून मी मालिकांना नावं ठेवत आलोय. संध्याकाळी आपण दोघं मिळून बघू.

आणखी एक. तुमची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली दिसली. "जावयाच्या घरी किती दिवस पडून राहायचं गं?" असं तुम्ही फोनवर बहिणीला म्हणालात, तेही कानावर आलं. भिंती पातळ आहेत, माझा इलाज नाही.

मी आग्रह करणार नाही. तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नाही. फक्त नर्सची मालिका संपेपर्यंत राहा, एवढंच म्हणतो. आणि ती संपवायचा त्या लोकांचा मुळीच विचार दिसत नाही.

तुमचा जावई