एका कार्डावर एकच सभासद

२६ ऑगस्ट २००२
दूध संस्थेच्या सभेची नोटीस आली. विषय आठ — पोटनियम दुरुस्ती. एका रेशनकार्डावर एकच सभासद! म्हणजे आमच्या घरात जुन्या सभासद म्हणून सासूबाई राहणार आणि मी जाणार. सोनमचे बाबा गेले तेव्हा त्यांचं सभासदत्व माझ्या नावावर झालं. धार मी काढते, बिल माझ्या हातात येतं. त्या जोरावर तर सोनमला शहरात मंगळवार पेठेत मावशीकडं ठेवून शिकवायचं ठरवलंय. आता बिल सासूबाईंच्या नावावर आणि शेणाची धनीण मी!

२७ ऑगस्ट
चेअरमन सयाजीरावांना विचारलं. म्हणाले, "बाई, वरनं आलंय." वरनं म्हणजे कुठनं, ते सांगेनात. बायकांची मतं जड व्हायला लागलीत, दुसरं काय!

४ सप्टेंबर
पोटनियमांचं पुस्तक वाचलं. दुरुस्तीला हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात, वर तालुक्याच्या निबंधकांची मंजुरी. अंगणवाडीतलं माझं काम संपल्यावर घरोघर फिरले. धोंडुबाई, बायडाबाई — सगळ्या विरोधात हात वर करणार म्हणाल्या. सासूबाईंनाही समजावलं. नुसत्या "व्हय" म्हणाल्या.

१५ सप्टेंबर
आज सभा झाली. सेक्रेटरी "विषय आठ" म्हणाला, तेवढ्यात पुढच्या रांगा ओरडल्या — मंजूर, मंजूर! काय मंजूर, ते वाचलंच नाही. मी उभी राहिले. "नामंजूर. मतं मोजा." सयाजीराव हसले. "बाई, आवाजावरनं कळतंय की."
माझ्या बायकांचे हात? एका हातात चहा, दुसऱ्यात चिवडा! देशाच्या घटनेत बदल करायचा तर दोन्ही सभागृहांत डोकी मोजतात. इथं चहा गार व्हायच्या आत नियम बदलला. अंगाची नुसती लाही होतेय.

१८ सप्टेंबर
निबंधकांना हरकत लिहिली. मंजुरी देण्याआधी माझं ऐका.

२३ सप्टेंबर
हरकत द्यायला तालुक्याला गेले. कारकुनानं ठराव मांडण्याचा मूळ अर्ज समोर ठेवला. सूचक — शेवंताबाई. माझ्या सासूबाई! खाली अंगठा.
घरी येऊन विचारलं. भाकरी थापायची थांबली नाही बाई. "बिल तुझ्या हातात हाय तवर तुला माझी काय गरज? उद्या वेगळी चूल मांडशील. मग माझं कोण हाय?"
वेगळं व्हायचं कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

२४ सप्टेंबर
कारकून म्हणाला होता, वेगळं कार्ड असलं तर सभासदत्व राहतं. नव्या रेशनकार्डाचा अर्ज आज भरला. नावं दोनच लिहिली — माझं आणि सोनमचं.