घडी न मोडलेली चादर

॥ श्री ॥
१० डिसेंबर

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. तुझी भाची सुट्टीला आली. आल्या आल्या खारूने ट्रंक कोपऱ्यात सरकवली आणि झोपली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आल्यावर उठली. म्हटलं, झोपू दे, अभ्यासाने दमली असेल पोर.

कॉलेजचं नवं सत्र जानेवारीत सुरू होतंय, म्हणून मी तयारीला लागले. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून शिवली, त्यात दोन चांगल्या जाड वह्या निघाल्या. प्रयोगशाळेत घालायचा डगला आखूड झाला होता, त्याची खालची दुमड सोडली. नवा कशाला घ्यायचा? मग ट्रंक उघडली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. देवासमोर बसले तरी जपात तीच ट्रंक येते.

जूनमध्ये मी दिलेल्या दोन्ही चादरी तळाशी होत्या. माझी घडी तुला माहीत आहे. टोक आत खोचायची ती, जिला तू लहानपणापासून ‘ताईचं पाकीट’ म्हणून हसत आलीस. या घरात दुसऱ्या कुणालाही ती जमत नाही. छोटे, दोन्ही चादरी तशाच्या तशा होत्या! टोक आत खोचलेलं, मधे ठेवलेली डांबराची गोळी झिजून वाटाण्याएवढी झालेली. घडीच मोडलेली नाही. मग ही पोरगी अख्खं सत्र झोपली कशावर?

आणखी ऐक. होस्टेलच्या कपाटासाठी यांनी दुकानातलं नवं कुलूप दिलं होतं. किल्लीवर तेलाचा थर तसाच, एक ओरखडा नाही. कुलपांच्या दुकानदाराशी इतकी वर्षं संसार केलाय, एवढं मलाही कळतं. यांच्या नजरेला पडायच्या आत ती मी साखरेच्या डब्यात टाकली. तिला पाठवताना ते काय म्हणाले होते ते आठवतं ना? एक गोष्ट जरी खोटी निघाली तरी शिक्षण बंद, ट्रंक घरी. माणूस तापट नाही, पण एकदा बोलला की बोलला.

खारूला विचारलं, तर म्हणे मैत्रिणीची चादर वापरली. सगळं सत्रभर? त्यावर म्हणाली, आई, तू पोलिसात जायला हवी होतीस. थट्टा करते, पण नजरेला नजर देत नाही.

होस्टेल तुझ्या घरापासून जवळ. दर रविवारी ती तुझ्याकडे येते असं तूच लिहितेस. तर एवढं कर. सहज म्हणून जा, तिची खोली बघून ये, तिथल्या बाईंशी बोल. पुढच्या सत्राची खोली पक्की करायची मुदत या महिनाअखेर संपते. आपला फोन दुकानात, गिऱ्हाइकांसमोर असलं काय बोलणार? पत्रच लिही. खारूला यातलं काही कळू देऊ नकोस.

लोभ आहेच तुझा. त्यातला थोडा या चौकशीवर खर्च कर.

तुझी
ताई


१५ डिसेंबर

ती. ताईस छोटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा हसले. चादरीवरून मुलगी हरवल्याचा शोध लावणारी जगात तू एकटीच. अगं, पोरी एकीच्या खाटेवर तिघी बसतात, गप्पा मारता मारता तिथेच लवंडतात. कुणाची चादर, कुणाची उशी, काही धरबंद नसतो. आणि कुलूप कपाटाला लावायचं असतं हे तुझ्या लक्षात आहे, त्या पोरींच्या थोडंच असणार?

तरी तुझी आज्ञा म्हणून काल गेले. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. खोली छान हवेशीर आहे. बाईंनी खारूचं फार कौतुक केलं. मुलगी शांत, अभ्यासू, वेळेवर आत येणारी, असं म्हणाल्या. आता तरी जपात देव येऊ दे.

माझी शाळा नेहमीसारखी. चित्रकलेच्या तासाला मुलं कागदापेक्षा एकमेकांना जास्त रंगवतात. तू इकडे यायचं मनात आणशील, पण उगाच दगदग करू नकोस. भावोजींच्या जेवणाचे हाल होतील. खोली पक्की करून टाक आणि निश्चिंत राहा.

धाकटीवरचा लोभ संशयाच्या खाली दबू देऊ नये, ही विनंती.

तुझी
छोटी


॥ श्री ॥
१९ डिसेंबर

चि. छोटीस आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण ते लिहायचे असतात. बाकी या पत्रात गोड काही नाही.

त्या होस्टेलला जिना नाही, छोटे. बैठी इमारत आहे. जूनमध्ये तिला सोडायला मी गेले होते, तू नव्हतीस. तुला शाळेतून सुटका नव्हती. खोली नळाशेजारची, समोर भिंत, हवा येते ती पाण्याच्या वासाची. तू कुठल्या जिन्याने चढलीस आणि कुठल्या बाईंशी बोललीस, ते देवाला ठाऊक.

म्हणजे आता माझा संशय एकीवरून दोघींवर गेला.

तुला वाटेल ताई कोर्ट मांडून बसली. मांडलंय! पोरीला समोर बसवून सरळ विचारलं, कुणी मुलगा आहे का? तर खो खो हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तसलं काही नाही एवढंच म्हणाली. ते मला पटलं, पण त्याने जिवाला आराम पडला नाही.

काल आणखी एक पाहिलं. वरच्या फळीवरची बरणी काढायला मी स्टुलावर चढले, तर ही अंगणातून धावत आली. दोन्ही हातांनी माझी कंबर धरली आणि म्हणाली, हळू, मान वर करू नकोस, आधी डोळे मिट. मला काय धाड भरलीय? मी विचारलं, कुणाला धरायची सवय लागली गं तुला? तर हात झटकन सोडले आणि कपडे वाळत घालायला गेली. ते कपडे वाळलेले होते.

हिने सत्रभर कुणाची तरी शुश्रूषा केली आहे. कुणाची?

मी एवढी का खोदते आहे ते तुला सांगायला नको, तरी सांगते. मॅट्रिकनंतर मला पुढे शिकायला काकूकडे ठेवलं होतं. काकू वाईट नव्हती. पण आधी एक पोर सांभाळ, मग स्वयंपाकाला हात लाव, मग आज कॉलेज राहू दे, असं करत करत माझं पुस्तक मिटलं, ते मिटलंच. म्हणून खारूच्या वेळी मी हट्ट धरला की ती होस्टेलमध्येच राहील, कुणाच्या घरी नाही. अगदी तुझ्याही नाही. तुला तेव्हा लागलं होतं, मला कळलं होतं.

आता खरं लिही. नाहीतर ही खोली मी पक्की करत नाही. मुदत जाऊ दे, सत्र जाऊ दे, पोरगी डोळ्यांसमोर तरी राहील.

खरं सांगितलंस तरच लोभ धरीन, तोवर तो मुदतठेवीत.

तुझी
ताई


२० डिसेंबर

ती. मावशीस खारूचा शि. सा. न.

घाईत लिहिते आहे. आई दळण आणायला गेली आहे. तिने सगळं हेरलंय, फक्त तुझं नाव तेवढं राहिलंय. तुझं पत्र मी आईच्या नकळत वाचलं; जिन्याचं काय लिहून बसलीस गं! मला आधी विचारायचंस तरी.

तू शपथ घातलीस म्हणून मी गप्प आहे. पण आईपुढे गप्प बसणं म्हणजे उकळत्या दुधावर नुसतं ताट ठेवणं. आईला आज ना उद्या कळणारच.

काळजी करू नकोस, नव्या सत्रातही मी तुझ्याकडेच राहणार. होस्टेलचं पत्र मागच्या वेळेसारखंच तू पालक म्हणून सही करून दे. गोळ्यांची डबी मी भरून आले होते, ती संपत आली असेल. शेजारच्या काकांना सांगून आणव. बाथरूममध्ये एकटी जाताना दाराला कडी घालू नकोस.

आणखी एक तुला सांगितलं नव्हतं. रसायनाच्या पेपरात मी नापास झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री तू पडलीस ना, त्याचा हा पेपर. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पुढच्या सत्रात पुन्हा देईन, त्यात काय! आईबाबांना निकाल अजून दाखवलेला नाही.

मावशीची माया अशीच राहू दे. माझ्याऐवजी दवाखान्यात जाऊन राहायचं मनात आणू नकोस, एवढंच.

तुझी
खारू


२४ डिसेंबर

ती. ताईस छोटीचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस, कुणाची. माझी.

जूनमध्ये शाळा उघडताच वर्गात फळ्यावर रेघ काढत होते आणि सगळा वर्ग गरगर फिरला. वाटलं, उपास घडला म्हणून असेल. मग घरी फिरलं, रस्त्यात फिरलं. तू खारूला सोडून गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ती आली तेव्हा मी मोरीत पडलेली होते; तिची ट्रंकही अजून उघडायची होती. दार तिने शेजाऱ्यांकडून उघडवलं. डॉक्टर म्हणाले, कानाचा दोष आहे, जिवाला धोका नाही, पण चक्कर कधी येईल सांगता येत नाही, एकटं राहायचं नाही. शाळेने रजा दिली. तुला लिहिलेली शाळेतली मुलं मागच्या वर्षीची.

खारू म्हणाली, दोन दिवस राहते. मी हो म्हटलं. मग चार म्हटलं. मग दिवस मोजायचंच मी सोडून दिलं, ताई, कारण मोजले असते तर तिला पाठवावं लागलं असतं. होस्टेलला मीच चिठ्ठी दिली की पालकांकडे राहते. तुला काही कळू द्यायचं नाही, अशी तिला शपथही मीच घातली. तुझा हट्ट मला लागला होता हे खरं. ‘कुणाच्या घरी नाही, अगदी तुझ्याही नाही’ म्हणालीस, तेव्हा मनात म्हटलं होतं, मला काय काकू समजतेस?

परवा खारूचं पत्र आलं. ती रसायनात नापास झाली आहे. तिला रागावू नकोस. त्या रात्री ती माझ्या उशाशी भांडं धरून बसली होती. ते पत्र वाचलं आणि कळलं, मी तीच काकू झाले. वाईट नसलेली.

तिला होस्टेलमध्येच पाठव. तिने कितीही म्हटलं तरी माझ्या दारात उभी करू नकोस. भावोजींना काय सांगायचं ते तू ठरव, दोष माझा आहे. माझं मी बघीन. एखादी बाई ठेवीन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी सवयीने मागते.

तुझी
छोटी


॥ श्री ॥
२७ डिसेंबर

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुझं पत्र वाचून मी देवासमोर जाऊन बसले आणि त्याच्याशीच भांडले. मग तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. ते सगळं लिहायला कागद पुरणार नाही, समोर आल्यावर बोलेन.

यांना सगळं सांगितलं. दुपारीच शटर ओढून घरी आले. मग एकच विचारलं, माझ्याशी पोर खोटं का बोलली? मी म्हटलं, तुम्ही अट घातलीत म्हणून, आणि मी हट्ट धरला म्हणून. तिला आपण दोघांनी सगळ्या वाटा बंद करून दिल्या, वर खरं बोल म्हणालो. खारूशी अजून नीट बोलत नाहीत, हेही खरं. पण आज सकाळी स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि विचारलं, भात शिजला हे कसं ओळखायचं? मी समजले.

कारण बेत असा ठरला आहे. खारू होस्टेलमध्ये राहील, नळाशेजारच्या खोलीत. खोली काल पक्की केली. रसायनाचा पेपर ती याच सत्रात देईल, आणि तुझ्याकडे रविवारी येईल, पाहुणीसारखी, खाऊन पिऊन जाईल. आणि मी येते आहे. तू बरी होईपर्यंत राहणार. बाई ठेवण्याच्या गोष्टी करू नकोस. अनोळखी बाईवर माझा तुझ्याहूनही कमी विश्वास आहे.

तुझ्यावरही पुरता बसलेला नाही. औषध घेतलं म्हणशील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवावी लागतील. बरं वाटतंय म्हणशील तर माझ्यासमोर सरळ रेषेत चालून दाखवावं लागेल. जिन्याचा विषय मी रोज काढणार आहे, तयारीत राहा.

खारू रडली. म्हणाली, मावशीला मी लागते, तिचं सगळं मला माहीत आहे. मी तिला सांगितलं, मावशी तुझी असली तरी बहीण माझी आहे, आणि माझा हक्क तुझ्याहून जुना आहे. तू तुझं पुस्तक उघड. मग तिने तुझ्या सगळ्या खोडी मला सांगितल्या. कुठल्या कुशीवर झोपतेस, कुठल्या वेळी घाबरतेस, कशाने हसतेस. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, एवढं तर मलाही तुझं माहीत नव्हतं.

मी आणि खारू शनिवारी दुपारी पोचतो. लोभ आता पत्रात मागू नकोस, तो ट्रंक घेऊन येतो आहे. दार वाजलं की उठायचं नाही, जागेवरच बसून राहायचं. कडी काढून ठेव, मी ढकलून आत येईन.

तुझी
ताई