ही कसली गं?

आबा, तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नव्हतं, हे तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाल्यावर मला एका परक्या डॉक्टरनं सांगितलं. घरात मी होते, दुकानात मी होते, तुमच्या ताटात भाकरी मी वाढत होते, आणि हे कळायला सरकारी दवाखान्यातला कालचा पोरगा लागला. राग आलाय म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण तोंडानं भांडायला तुम्ही जागेवर नाही, मग करू काय?

आधी तुमच्या नातवाचं सांगते. सरकारी गाडीवर ड्रायव्हर व्हायचं त्याच्या लई मनात होतं. दुकानात पाय ठेवायचा नाही, वायरी बघितल्या की तोंड वाकडं करायचा, पण स्टिअरिंग हातात द्या, कुठलाही घाट उतरवून आणेल. गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाला. मग डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक उघडलं आणि त्यातला आकडा वाच म्हणाला. मला मागच्या बाकावरून दिसत होता, चांगला ढळढळीत. हा म्हणतो, "कुठला आकडा? नुसतं ठिपकंच हाईत की." मला वाटलं थट्टा करतोय. बाकावरूनच ओरडले, "अरे नीट बघ की मुडद्या, पोटापाण्याचा सवाल हाय!" तर डॉक्टर माझ्याकडं वळला. "मावशी, तुमच्या वडिलांना रंग ओळखता यायचे का?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांना? अहो, गाड्यांचं वायरिंग करायचे ते. हेडलाईटचा फॉल्ट काढावा तर त्यांनी." तो म्हणाला, "हे आईकडून येतं, बहुतेक वेळा आजोबाचं नातवाला. मग ते वायरी कशा ओळखायचे?"

कशा ओळखायचे!

नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा पोराला काखेत मारून मी माघारी आले. उचगावच्या रस्त्याला पुढं तुमचं दुकान, मागं दोन खोल्या. आई आधीच गेलेली. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून हाका सुरू झाल्या. मी तव्यावर भाकरी टाकलीय, ती आता फुगणार, आणि तुम्ही मोटारीच्या तोंडात मुंडकं घालून ओरडताय, "अक्काऽ, भाईर ये!" मी पिठाच्या हातानं येते. तुम्ही एका वायरीचं टोक माझ्या नाकासमोर धरता. "ही कसली गं?" "हिरवी." "आणि ही?" "चॉकलेटी." "बरं, जा." आत येते तर भाकरीचा कोळसा. दिवसातनं दहा वेळा हेच. मी म्हणायची, "मी काय बालवाडीत हाय काय, रंग विचारायला?" तुम्ही म्हणायचा, "ध्यान ऱ्हावं म्हणून इचारतोय." माझं ध्यान! मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही मला शिकवताय.

शिकवलंतही म्हणा, ते नाकारत नाही. तुमची रीत मला अजून पाठ आहे. आधी ड्रायव्हरला विचारायचं, दोन्ही गेलेत की एकच? दोन्ही गेले तर स्विचकडं जा, एकच गेला तर त्या दिव्याकडं. लांबचा उजेड पडतो आणि जवळचा पडत नाही, तर पायाखालचा डिप स्विच. एका खड्ड्यात जातो आणि पुढच्या खड्ड्यात येतो, तर कुठंतरी जोड ढिला. आणि मोठा दिवा नुसताच मिणमिणतो, वर शेजारचा बारका दिवा न लावता उजळतो, तर बल्बला हात लावायचा नाही, अर्थची वायर बघायची, गाडीच्या बॉडीला आवळलेली. करंटाला माघारी जायची वाट मिळंना म्हणून तो दुसऱ्याच्या दारातनं चाललाय, असं तुम्ही सांगायचा. राधानगरीकडची जीप आली की बॉनेट उघडायच्या आधीच तुम्ही पॉलिशपेपर मागायचा, कारण तिकडच्या पावसात अर्थचा बोल्ट गंजलेलाच असायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "मिस्त्री, बल्बच उडालाय, मी बघितलंय की." तुम्ही म्हणायचा, "तू बघितलंस पावणं, माझ्या टेस्ट लॅम्पनं अजून बघितलं न्हाय." दोन वायरी डकवलेला तो बारका बल्ब, करंट असला तरच पेटणारा. तो लावल्याशिवाय तुम्ही देवाचं ऐकलं नसतं. "तोंडाचं खरं धरायचं न्हाय अक्का, लॅम्प लाव आणि मगच जोड."

मला कळायला पाहिजे होतं, हे कबूल. बाजारातनं तुम्ही कच्चे टोमॅटो आणायचा. मी पिशवी आपटायची, "ही हिरवीगार काय म्हणून उचलली?" तुम्ही म्हणायचा, "चटणीला आणल्यात." दर आठवड्याला चटणीला? आणि ते दिवाळीचं लुगडं. "तुझ्यासाठनं हिरवं आणलंय," म्हणून किती खुशीत घडी सोडलीत, आणि निघालं विटकरी. मी शेजारणीसमोर बोलले, "हे हिरवं? दुकानदारानं आंधळा बघून गळ्यात मारलंय." तुम्ही घडी परत घातलीत आणि पुढं जाऊन बसलात. तेव्हा तरी सांगायचं! मी काय गावभर दवंडी पिटली असती?

आता त्या गुळाच्या अडत्याच्या मोटारीचं. तुम्हाला आठवत असणारच. त्याच आठवड्यात मी शिवणाच्या क्लासला जायचं ठरवलं होतं. सकाळचे दोन तास. स्वतःच्या पायावर उभी राहीन, पोराला वाढवीन, एवढंच डोक्यात. तुम्ही म्हणालात, "न्हाय. सकाळी गाड्या असत्यात." मी म्हटलं, "गाड्यांचा आणि माझा काय संबंध?" तुम्ही म्हणालात, "गप घरात बस." तू नसलीस तर माझं अडतंय, एवढं म्हटलं असतं तर जीभ झडली असती काय, आबा? मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी ती मोटार आली. गुळाच्या वखारीत उभी असायची, उंदरांनी उजव्या दिव्याच्या वायरी कुरतडलेल्या. अडत्याला संध्याकाळी पोराच्या लग्नाची सुपारी फोडायला गारगोटीला जायचं होतं, तो दारात उभा राहून घाई करत होता. तुम्ही बॅटरीची तार काढून ठेवली होती, म्हणजे लॅम्प लावून बघायचं तर ती परत जोडावी लागली असती. लाल वायर दिव्याच्या करंटाची, हिरवी अर्थची, इतकं सोपं काम. "अक्काऽ! ही कसली गं?" तुमच्या हातात हिरवी होती. मी म्हटलं, "लाल."

मला वाटलं, तुम्ही म्हणाल, डोळं फुटलं काय तुझं? आणि मग मी मनातलं सगळं बाहेर काढीन. मला भांडण पाहिजे होतं, दुसरं काही नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि उरलेली, म्हणजे लाल, बॉडीच्या बोल्टाखाली घातलीत. मी बघत होते. एक बोल्ट आवळायला किती वेळ लागतो? तेवढा सगळा वेळ मी तिथं उभी होते. तुम्ही बॅटरी जोडलीत, स्विच ओढलात आणि डॅशबोर्डामागनं धूर आला. तुम्ही तार उपसून काढेपर्यंत आतलं निम्मं वायरिंग वितळलं. अडत्या बोंबलला, "मिस्त्री हाईसा का आगलावं? सुपारीला आता बैलगाडीनं जाऊ व्हय?" सगळा रस्ता गोळा झाला. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि त्याला म्हणालात, "माझा हात चुकला." त्यानंतर स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांनी कितीतरी दिवस तुम्हाला धूरवाले मिस्त्री म्हटलं, आणि निम्मे तर यायचेच बंद झाले. मला तुम्ही काही विचारलं नाहीत. मी रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती, ती वाया गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी तव्यावर, आणि हाक आलीच. "अक्काऽ, भाईर ये. ही कसली गं?" नीट बघून, दोनदा बघून म्हटलं, "हिरवी." तुम्ही "बरं" म्हणालात आणि जोडलीत. टेस्ट लॅम्प तिथंच मडगार्डवर पडलेला होता. त्याच्याकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत.

तुमच्या माघारी दुकान मीच चालवलं. आता नातूही तिथंच बसतो, नोकरी हुकली म्हणून पहिले दोन महिने तोंड पाडून, आता बरा आहे. आणि ऐका, तो गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, "मला लाल-हिरवं कळत न्हाय, थांबा, आईला इचारतो." एक गिऱ्हाईक पळालं नाही, आबा. एक! उलट हसतात आणि चहा सांगतात. आणि तुम्ही सगळी हयात लपवत बसलात.

हे कागद तुमच्या टेस्ट लॅम्पच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरं कुठं पाठवू? पोराला मी रंग सांगते, पण वर दम देते की लॅम्प लावल्याशिवाय एक जोड द्यायचा नाही, मी सांगितलं असलं तरी नाही. परवा वैतागला. म्हणाला, "तूच सांगितलीस की हिरवी म्हणून, मग परत लॅम्प कशाला? आजोबा लावायचं काय तू सांगितल्यावर?"

मी म्हटलं, "लावायचे. दरवेळी लावायचे."

खोटं बोलले, आबा.