दुखायचा थांबलेला दात

आई गं, बाबा कारखान्यात फर्स्ट शिफ्टला गेले की कंपनीच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तू बोटानं हिरड्यांना गुडाखू घासायचीस. भंडाऱ्याहून लग्न होऊन इथं आलीस तेव्हा तंबाखू-गुळाचं ते काळं मंजन तुला ठाऊकही नव्हतं. इथल्या शेजारणींनी शिकवलं आणि मग ते घरातलं औषधच झालं. माझी दाढ ठणकली की तेच बोट माझ्या तोंडात. "सुन्न होऊ दे, मंग दुखत नाही," म्हणायचीस, आणि खरंच थांबायचं. तुझ्या गालातली कॅन्सरची जखमही दुखत नव्हती, म्हणून ती तू कुणाला दाखवली नाहीस, आणि त्यातच गेलीस. पोटची पोर दातांची डॉक्टर, तिलाही नाही दाखवलीस. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता तुझी नात, दादाची धाकटी, आठ वर्षांची. सायकलवरून पडली, समोरचा दात अर्धा तुटला. वहिनी महिनाभर गुडाखू लावत बसली. मी ओरडले तर म्हणते, "आईबी तं हेच लावत होत्या ना? दुखनं थांबलं, म्हून नाही आनलं तिले." तोवर आतली नस सडून गेली होती. या वयात दाताचं मूळ पुरतं बनलेलं नसतं, टोकाशी उघडं असतं. आतली घाण धुवायची, औषध भरून काही आठवडे थांबायचं, मग त्या उघड्या टोकातून मुद्दाम रक्त आत आणायचं. त्याच्या आधारानं आत नवं मांस धरलं तर मूळ पुन्हा वाढू लागतं. नेहमी जमत नाही, पण मी त्याच आशेवर होते.

औषधाचे आठवडे संपले, आज ती माझ्या खुर्चीत बसली. भूल देण्याआधी बारीक सुई मुळाच्या टोकापर्यंत नेते; तिथं काही जिवंत उरलं असेल तर दुखेल. पोरगी हूं की चूं करत नाही. मग भूल देऊन टोकापलीकडे टोचत राहते; पिवळट पाणी तेवढं येतं, रक्त नाही. म्हणजे मूळ वाढायचं नाही, आता ते पोकळच दातांच्या सिमेंटनं भरायचं. इतकं पातळ मूळ किती दिवस टिकणार? खुर्चीतून उतरून ती वहिनीला म्हणाली, "मम्मी, सुई टाकली तरी बिलकुल नाही दुखलं!" वहिनीनं तिचा मुका घेतला आणि माझ्यापुढे हात जोडले.

हे पत्र तुला कुठे पाठवणार, कुणी वाचणार नाही म्हणूनच सांगते. सुई आत गेली तेव्हा मला वाटत होतं, पोरीनं किंचाळावं.