रेसची सीट, पारनेर ते बेलापूर

२ नोव्हेंबर, रविवार
सुप्याच्या चौकात नारळपाण्याच्या गाड्याला आपली गाडी किंचित टच झाली. किंचित म्हणजे एकच नारळ पडला. ब्रेकवर पाय न्यायला गेलो आणि गुडघा स्टेअरिंगखाली अडकला. मी सहा फूट तीन इंच. गाडी बनवणाऱ्याने माझा विचारच केलेला नाही. माधुरीने तिथंच किल्ली काढून घेतली आणि नारळवाल्यासमोर म्हणाली, आजपासून तुम्ही डावीकडं बसायचं. बायको पाच फुटांची, तिला गुडघ्यातलं काय कळतंय!

रश्मीला आपल्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. २४ ला जॉइनिंग. २३ ला तिला मीच सोडणार, स्वतः चालवत. पोरीची पहिली नोकरी आहे. मी डावीकडं बसून जाणार नाही म्हणजे नाही.

३ नोव्हेंबर
दोष सीटचा. आठ वर्षं झाली, मागे सरकतच नाही. डिझाइनच तोकडं. नवी सीट टाकायची. रेसच्या गाडीत असते तसली, बकेट सीट.

मापं घेतली. कंपनीच्या क्वालिटी खात्यात एकवीस वर्षं काढली आहेत, मापात मला कोणी शिकवू नये. माझी सहा इंची स्टीलची पट्टी असती तर काम अजून फाईन झालं असतं. ती २०१७ साली वैजनाथने ढापली. शेजारी राहतो, एकाच बसने कंपनीत जातो, कँटीनला समोर बसतो. आठ वर्षं बोललेलो नाही. बोलणारही नाही.

५ नोव्हेंबर
रजा टाकून पुण्याच्या जुन्या बाजारातून सीट आणली. लाल. खांद्यापाशी पंख. एसटीत जागा नव्हती, म्हणून मधल्या वाटेत सीट ठेवून तिच्यावरच बसून आलो. कंडक्टर म्हणाला, काका, स्टेअरिंग बी आणायचं ना. दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर, रविवार
माधुरीकडून किल्ली मागून घेतली आणि बिभीषणच्या गॅरेजला सीट बसवली. तो म्हणाला, दादा, खाली रेल टाकतो, पुढंमागं सरकंल, वैनी बी चालवत्यात न्हवं. मी म्हणालो, रेल आली की सीट हलणार. डायरेक्ट वेल्डिंग मार. त्याने तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा तेच सांगितलं. पोरगा चांगला आहे, पण व्हिजन नाही.

जुनी सीट ओट्यावर टाकली. आमच्या वडलांनी, बापूंनी, लगेच कब्जा केला. पंच्याऐंशीव्या वर्षी म्हणतात, लई भारी हाय, चहा हितंच आना.

१२ नोव्हेंबर
डोकं टपाला लागतं. फक्त स्पीडब्रेकरला. पारनेर ते सुपा रस्त्यावर स्पीडब्रेकर फार झालेत, याची तक्रार केली पाहिजे.

संध्याकाळी सीटमधून बाहेर येता आलं नाही. पंखांत खांदे बसले ते बसलेच. चाळीस मिनिटं आत होतो. गल्लीतल्यांनी विचारलं, मी कम्फर्ट टेस्ट चालू आहे म्हणून सांगितलं. शेवटी माधुरी आणि रश्मीने एकेक हात धरून ओढलं. त्यात वैजनाथ गेटवर येऊन उभा. हसला नाही. मुद्दामच हसला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बिभीषणकडून सीटचे पाय कापून घेतले. आता सीट थेट पत्र्यावर. डोक्यावर वीतभर जागा! जमलं.

रस्ता दिसतो. स्टेअरिंगच्या मधल्या फटीतून दिसतो, पण दिसतो. कोपऱ्यावरच्या चांगुणाबाई मात्र ओरडत घरात पळाल्या, की भीमराजची गाडी एकटीच चालली, आत कुनीच न्हाई. रेसवाले इतक्याच खाली बसतात. चांगुणाबाईंनी रेस कुठे पाहिली आहे?

१८ नोव्हेंबर
सीटवर एक गोधडी घातली. मग दुसरी. आता रस्ता पूर्ण दिसतो.

रश्मी टेप घेऊन आली. ओट्यावरची जुनी सीट मोजली, मग गोधड्यांसकट नवी मोजली. म्हणाली, पप्पा, ही तर जुनीच उंची झाली. मीही मोजली. एका मिलिमीटरचा फरक नाही. असं काम कंपनीत कोणी करून दाखवावं!

गुडघा थोडा लागतो. सवय होईल.

२१ नोव्हेंबर
माधुरी गाडीत बसून बघत होती. तिचे पाय क्लचपासून वीतभर लांब लोंबकळत होते. उतरली, दार हळूच लावलं आणि पोळ्या लाटायला गेली. मला भीती वाटली. रश्मी म्हणाली, पप्पा, मी एसटीने जाते, टेन्शन नका घेऊ. एसटी? बाप जिवंत असताना? अजिबात नाही.

२२ नोव्हेंबर
फायनल ट्रायल. गेटमधून बाहेर काढताना गुडघा स्टेअरिंगखाली पुन्हा अडकला आणि पाण्याचा ड्रम आडवा झाला. ड्रम चुकीच्या जागी होता.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७
रश्मीची बॅग, गादी, बादली गाडीत भरली. बापू ओट्यावर त्यांच्या सीटवर. मांडीला रग लागली म्हणून त्यांनी खालचा लिव्हर हिसकला. कट्ट आवाज झाला आणि बापू सीटसकट सर्रकन वीतभर मागे गेले. खालच्या रेलमध्ये अडकलेलं काहीतरी खणकन पडलं.

सहा इंची स्टीलची पट्टी. एका टोकाला भी.रं. मीच पंच केलेलं.

सगळे पट्टीकडे बघत होते, मग माझ्याकडे. बापू म्हणाले, आरं, ही तर मागं जाती की.

जुनी सीट मागे जाते. माझे पाय तिच्यात मावले असते.

माधुरी शेजारी गेली आणि पाच मिनिटांत वैजनाथ त्याची गाडी घेऊन आला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
पोचवून आलो. डावीकडं बसलो होतो. निघताना वैजनाथने किल्ली माझ्यापुढे धरली. म्हणाला, तुमीच चालवा भीमदादा, पोर तुमची हाय, सीट घेतो मागं. आठ वर्षांत पहिलं वाक्य. मी म्हणालो, गुडघा दुखतोय. गुडघा अजिबात दुखत नव्हता. त्याने मग माझी सीट मागे घेऊन दिली. पाय पूर्ण पसरले.

बेलापूरला गेटपाशी रश्मीने माझा हात धरला. म्हणाली, पप्पा, सुट्टीला घ्यायला तुम्हीच या, एकटेच, चालवत. मी बादली उचलली आणि आत ठेवून आलो.

पट्टी वैजनाथनेच त्या सीटखाली टाकली असणार, असं लिहायला घेतलं होतं. पण तो आमच्या गाडीत कधी बसलेलाच नाही.

जाताना शंभर किलोमीटर पट्टी माझ्या खिशात होती. येताना शंभर. सांगितलं नाही. उद्या सकाळी बसमध्ये त्याच्या शेजारी बसून सांगणार. ठरलं.

उद्या सोमवार, बसला गर्दी असते. परवा.