परसातलं शिसं

आबा,

माफी मागायला हे लिहीत नाही. तिसगावच्या आपल्या घरामागचं परस अंगणवाडीला द्यायचं आणि तिच्यावर तुमच्या नावाची पाटी लावायची, असं तुमच्या माघारी दादानं ठरवलं होतं. ते मी होऊ दिलं नाही.

त्या परसात तुम्ही ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचात, शिसं वितळवायचात. मी नववीत असेन. आई चुलीपाशी खोकतेय आणि मी जेवता जेवता म्हणते, हा धूर वाईट असतो, बाईंनी सांगितलंय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ह्या धुरावरच आपली चूल पेटती. घरातलं भाईर बोलायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी उरलेल्या शिशाचा एक मासा ओतून माझ्या हातावर ठेवलात. समजूत घालायची तुमची रीत तीच. त्याच धुरावर मी एम.एस्सी. झाले, हे नाकारत नाही. पण त्याची फेड गप्प बसून करायची, हे मला मान्य नाही.

आता मी पुण्याला प्रयोगशाळेत असते. माती आम्लात विरघळवून यंत्रात सोडायची. ते अणू वजनावरून वेगळे करून मोजतं, अगदी नावापुरते असले तरी. दादाला न विचारता मी परसातली माती नेली. शेतातल्या मातीपेक्षा कितीतरी पट शिसं निघालं. दादा म्हणाला, रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराचं असेल. मग भिंतीकडेला सापडलेला तुमच्या बॅटरीच्या प्लेटचा तुकडाही तपासला. शिशाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. कुठल्या खाणीतलं शिसं, त्यावर त्यांचं आपसातलं प्रमाण ठरतं. तुकड्यातलं आणि मातीतलं प्रमाण जुळलं. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

दादा हळू आवाजात म्हणाला, "आबांची अब्रू चव्हाट्यावर आणती व्हय?"

"रांगती पोरं माती तोंडात घालत्यात, दादा. त्यांना अब्रू कळत न्हाई."

अंगणवाडी आता शाळेशेजारी होतेय. परसाला तारेचं कुंपण घातलंय, माती उचलून न्यायचं काम अजून व्हायचंय. दादा माझा फोन घेत नाही. घेतला तरी मी तेच सांगेन.

तुम्ही रागावला असाल तर रागवा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते: त्या दिवशी तुम्ही पुढच्या रांगेत बसलेले असता, तर माझ्या तोंडून शब्द फुटला असता की नाही, मला माहीत नाही.